बिननवसाचा डोंगर

शहापुरात अमावास्येला माग चालत नाहीत. एरवी गल्लीत पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंच्या घरांतून खटक्-खटक् चालू असते आणि बोलणारा माणूस आपोआप ओरडून बोलतो. शहापूरकर बेळगावच्या बाजारात जाऊन नुसता भाव विचारू लागला तरी लोकांना वाटतं, हा भांडायला आलाय. अवसेला मात्र सगळं चिडीचूप. माग पुसायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, की झाली सुट्टी. पुरुष कट्ट्यावर पानतंबाखू घेऊन बसतात. बायका महिन्याची तुंबलेली धुणी काढतात आणि संध्याकाळी कंबर धरून म्हणतात, ही कसली मेली सुट्टी.

ही गोष्ट एकोणीसशे पस्तीसच्या आगेमागे त्या गल्लीत राहणाऱ्या मनुबाईची. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांकडे, पण दोन्हीकडच्या विणकरांची अवस एकच. मनुबाई विणकराची लेक, विणकराची सून आणि विणकराची बायको. नवरा केदारी दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा आणि ती त्याच्या पाठीमागं रहाटावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी. एक संपली की दुसरी तयार लागते. त्यामुळं बायको उठली की माग थांबतो, आणि माग थांबला की सासू आतून विचारते, कुठं गेली ही? देवानं मनुबाईला लांब आणि दणकट पाय दिले होते, पण त्या पायांना जन्मात काही काम दिलं नव्हतं. चूल, न्हाणी, विहीर आणि रहाट. एवढ्यासाठी कोंबडीचे पाय पुरले असते.

डोंगरावर जायला तेव्हा कारण लागायचं. सरपण, चुकलेलं जनावर, नाहीतर देव. साहेब लोक जेवणाचे डबे घेऊन जांबोटीच्या रानात नुसतेच फिरायला जातात, असं बेळगावच्या कॅम्पात, गोऱ्यांच्या छावणीत कामाला जाणारे सांगत. पण साहेब जेवताना हात धूत नाही असंही तेच सांगत, त्यामुळं साहेबाचं कुणी फार मनावर घेत नव्हतं.

मनुबाईला कारण मिळालं ते सासूमुळं. सासू यल्लव्वा तोंडानं कडक आणि देवाधर्माला पक्की. नातीला गोवर निघाला तेव्हा ती सातेरी देवीला बोलली होती, पोर उठू दे, पायी येऊन नारळ फोडीन. पोर उठली, पण तोवर यल्लव्वाचे गुडघे बसले. बोललेला नवस ठेवून चालत नाही. तेव्हा तिनं सुनेच्या हातात नारळ दिला, मुलाला बरोबर घातलं आणि सांगितलं, "दिवस बुडायच्या आत या. अवस हाय."

सातेरीचा डोंगर येळ्ळूरच्या पुढं, गडाला बाजूला ठेवून गेलं की लागतो. शहापुरापासून तीनेक कोस. मागाच्या खड्ड्यात पंधरा वर्षं घालवलेल्या केदारीचे पाय वडगाव ओलांडल्यावरच बोलू लागले. येळ्ळूरच्या अलीकडं एक वड लागला, त्याखाली तो बसला आणि म्हणाला, "तू जाऊन ये. देवीला माझा नमस्कार सांग." मनुबाई एकटी पुढं गेली. वाटेत कुणी हटकलं नाही. बाईच्या हातात नारळ दिसला की लोक वाट सोडतात, ही गोष्ट तिला त्या दिवशी समजली.

देऊळ डोंगराच्या कमरेवर आहे. देवी म्हणजे छातीइतकं उंच वारूळ, त्याला लुगडं गुंडाळलेलं आणि वर चांदीचा मुखवटा. लोक तिथं नारळ फोडतात, अंगारा घेतात आणि माघारी फिरतात. वर माथा आहे, पण माथ्यावर देव नाही, पाणी नाही, झाड नाही. तिथं जायला काही कारणच नाही. मनुबाईनं नारळ फोडला, अंगाऱ्याची पुडी कनवटीला लावली आणि देवळाला वळसा घालताना तिला मागून वर गेलेली पाऊलवाट दिसली. तिनं इकडंतिकडं बघितलं. गुरव झोपला होता. पाय आपोआपच तिकडं वळले.

माथ्यावर काळ्या खडकाचा लांबरुंद सडा होता, गुडघाभर गवत होतं आणि वारा असा होता की डोक्यावरचा पदर पहिल्या झटक्यात गेला. तिनं तो सावरला, पुन्हा गेला, पुन्हा सावरला, आणि मग सोडून दिला. खाली येळ्ळूर, त्याच्यापलीकडं वडगाव, आणि त्याच्यामागं धुरकट शहापूर. ते सगळं शहापूर, त्यातले शेकडो माग, सासू, रहाट, विहिरीवरची भांडणं, हाताच्या ओंजळीत मावलं असतं. पश्चिमेला डोंगरामागं डोंगर, कणकुंबीकडं जाता जाता निळे होत गेलेले. मनुबाई खडकावर बसली आणि हसली. कुणी विनोद केला नव्हता, काही मिळालं नव्हतं, तरी मोठ्यानं हसली. इतकं बरं तिला लग्नातही वाटलं नव्हतं.

वडाखाली झोपलेल्या केदारीला उठवून घरी पोचायला उशीर झाला. यल्लव्वा दारातच होती.

"एवढा येळ?"

"गर्दी हुती, आत्ती," मनुबाई म्हणाली. देवळात ती, गुरव आणि गुरवाची शेळी एवढीच गर्दी होती.

पुढच्या अवसेच्या आदल्या दिवशी तिनं पीठ मळता मळता सहज सांगितलं, "आत्ती, मी पाच अवशा बोलून बसलेय. पोरीच्या नावानं."

सासूला काय, आनंदच झाला. केदारीच्या पायांनी पुन्हा डोंगराचं नाव काढलं नाही, तेव्हा मनुबाई एकटीच जाऊ लागली. पाच झाल्या, मग अकरा झाल्या. अकरा झाल्यावर मनुबाईला नवं कारण शोधायची गरजच उरली नाही, कारण गल्लीतल्या बायका आपणहून येऊ लागल्या. प्रत्येक घरात एखादा नवस बोलून ठेवलेला होताच. कुणाचे गुडघे, कुणाचं तान्हं मूल, कुणाचा दमा. "मनुबाई, तू जातेसच, तर माझाबी नारळ घिऊन जा गं." दर अवसेला तिच्या पडशीत चार-पाच नारळ होऊ लागले. येताना प्रत्येकीच्या फोडलेल्या नारळाचं अर्धं भकल आणि अंगाऱ्याची पुडी. कुठलं भकल कुणाचं हे ती बरोबर लक्षात ठेवी, आणि बायका म्हणत, बाई पुण्यवान आहे हो. एक-दोघी तर संध्याकाळी ती परतली की तिच्या पायांना हात लावू लागल्या. मनुबाई पाय मागं घ्यायची. लोकांना तो नम्रपणा वाटायचा.

खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. देवळात ती जेमतेम नारळ फोडण्यापुरती थांबायची, की निघाली वर. पाच वर्षांत तिला डोंगराची कड न् कड पाठ झाली. वैशाखात करवंदाच्या जाळीत हात घालून ओरबाडून घ्यायचे, पावसाळ्यात घोंगडीची खोळ घेऊन ढगात बसायचं, थंडीत तापलेल्या खडकावर पाठ टेकून भाकरी खायची. माथ्याच्या मागल्या अंगाला रवळू नावाचा म्हातारा धनगर मेंढरं घेऊन असायचा. त्यानं पहिल्यांदा विचारलं, "कुणाचं जनावर चुकलंय, बाई?" ती म्हणाली, "कुणाचं न्हाय." ती कशाला येते हे त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. मनुबाईला माणूस आवडला.

एकदा जेवताना केदारीनं विचारलं, "मने, देवीचा मुखवटा हसरा हाय का गं रागीट? मी काय पोचलो न्हाय तिथवर."

मनुबाई घास हातात घेऊन बसून राहिली. तिला आठवेना. सड्यावरचा एकूण एक खडक ती डोळे मिटून सांगू शकली असती. "हाय आपला देवीसारखा," ती म्हणाली आणि आमटी वाढायला उठली.

घोटाळा झाला तो कार्तिकातल्या अवसेला. शेजारच्या जयाबाईची लेक शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जयाबाई मनुबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी. दोन घरांत एकच भिंत, आणि मनुबाईला ती पाठच्या बहिणीसारखी वागवायची. शालूला दिवस जड जात होते. जयाबाईनं नारळ दिला तो नेहमीसारखा नाही, दोन्ही हातांनी दिला. "आईला सांग, माझी लेक सुखरूप सुटू दे. अंगारा घेऊन ये, इसरू नको."

त्या दिवशी मनुबाईनं नवी वाट धरली. डोंगराला मागल्या बाजूनं सोंड आहे, तिकडनं चढून गेलं तर आधी माथा लागतो आणि मग उतरताना देऊळ. करून बघू, एवढाच विचार. गवत पिकून सोन्यासारखं झालं होतं, हवा स्वच्छ होती, पश्चिमेचे डोंगर हात लावावा इतके जवळ आले होते. सोंडेवर एका ठिकाणी वाट खचलेली, तिथं तिला लांबचा वळसा पडला. माथ्यावर पोचली तेव्हा बघते तर सूर्य कलायला लागलेला. कार्तिकातला दिवस, बघता बघता संपतो. देवळाकडं उतरून, नारळ फोडून, तिथून घर गाठायचं म्हणजे येळ्ळुरातच अंधार; सोंडेवरून खचलेल्या जागी घसरत उतरलं तर मात्र वाट निम्मी होती. अवसेचा अंधार, आणि घरी यल्लव्वा.

मनुबाईनं काय करावं? ती सड्याच्या कडेला गेली, खाली देवळाचं कौलारू छप्पर दिसत होतं तिकडं तोंड केलं आणि म्हणाली, "आई, तू खालीच हायस. हितनं टाकलेला खडा तुझ्या छपरावर पडल. हितनंच घे." चारही नारळ तिनं खडकावर फोडले. आता राहिला अंगारा. रवळूच्या तीन दगडांच्या चुलीत गार राख होती. तिनं चार पुड्या बांधल्या.

"कशाला गं ती राख?" रवळूनं विचारलं.

"लागतीया," म्हणाली, त्याच्या हातावर खोबरं ठेवलं आणि सोंडेवरून जवळजवळ पळत सुटली.

पुढं आठवड्यानं शालूला कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस चालल्या. सुईण घाबरली. सरकारी दवाखान्यात न्यावं का यावर माणसं दारात उभी राहून बोलू लागली. जयाबाईनं पुडी उघडली, ती राख लेकीच्या कपाळाला लावली, पोटाला लावली, चिमूटभर जिभेवर ठेवली. तासाभरात मुलगी झाली, सुरेख, केसाळ, आणि शालूही धड. जयाबाई धावत मनुबाईकडं आली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मनुबाईही रडली, पण तिचं रडं जरा वेगळं होतं.

जयाबाईचा नवरा यमनाप्पा हा गल्लीतला सगळ्यांत चांगला विणकर. बोलायला चिकट माणूस, शब्द मोजून द्यायचा. नातीला बघून बाहेर आला आणि म्हणाला, "देवीला लुगडं विणीन. माझ्या हातानं. पुढच्या अवसेला मनुबाई नेसवून येईल."

म्हणजे साधंसुधं लुगडं नव्हे. हिरवं रेशीम, तळहाताएवढा काठ, पदरावर मोर. घरचं रोजचं विणकाम बाजूला ठेवून त्यानं माग भरला. जयाबाईचा सगळा वेळ बाळंतिणीत जाई, तेव्हा कांड्या कोण भरणार? "तूच भर," जयाबाई म्हणाली, "तुझ्याच हातानं आलंय हे सगळं." मनुबाई आपल्या घरचं काम आटोपून रोज दुपारी त्यांच्या रहाटावर जाऊन बसू लागली. रेशमाची तार केसाहून बारीक. जरा मन हललं की तुटते. तिची रोज वीसदा तुटायची.

एका दुपारी यमनाप्पा विणता विणता थांबला. वाकून बघितलं, बोट फिरवलं. चार बोटं खाली एक तार चुकली होती. दुसऱ्या कुणाला दिवा घेऊनही ती सापडली नसती. त्यानं एक सुस्कारा सोडला आणि विणलेलं उसवायला घेतलं. दीड दिवसाचं काम, एकेक तार करून माघारी.

"राहू दे की, अण्णा," मनुबाई म्हणाली. "कुणाला दिसतंय?"

"देवीला दिसंल," यमनाप्पा म्हणाला.

देवीला मनुबाईनं पाच वर्षं बिनदिक्कत थापा मारल्या होत्या, आणि देवी काही बोलली नव्हती. पण मागावरच्या कापडासमोर तिची थाप टिकेना. एक लुगडं म्हणजे किती हजार वेळा हात, किती हजार वेळा पाय, हे तिला चांगलं माहीत होतं. हा माणूस एका चुकीच्या तारेसाठी दीड दिवस उसवतोय, आणि ज्या राखेसाठी उसवतोय ती धनगराच्या चुलीतली. सांगितलं तर अवस गेली, डोंगर गेला, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरीही ती रहाट सोडून उठली.

"अण्णा, धोटा ठेवा. मला बोलायचंय."

आणि तिनं सांगितलं. सोंडेची वाट, कललेला सूर्य, खडकावर फोडलेले नारळ, रवळूची चूल. थांबायला जमेना म्हणून मागचंही सांगितलं. पाच अवशांचा नवस खोटा, अकरांचा खोटा. "मी देवीसाठी जात न्हाय, अण्णा. मी डोंगरासाठी जाते. वर बसायला बरं वाटतंय म्हणून जाते."

बाळंतिणीच्या खोलीतून जयाबाई बाहेर आली होती. तिचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "माझ्या लेकीच्या जिभेवर मेंढक्याच्या चुलीची राख ठेवायला लावलीस व्हय गं? आणि मी तुझ्या गळ्यात पडून रडले! माझ्या दारात पाऊल टाकू नको पुन्हा."

एका भिंतीपलीकडं यल्लव्वा सगळं ऐकत होती. गुडघे धरत ती आली. गल्लीतल्या बायका जमल्या, ज्यांचे नारळ सड्यावर फुटले होते त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. केदारी माग सोडून उठला आणि काय बोलावं न सुचून परत बसला. यल्लव्वानं सुनेला मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "ह्या घरातनं नारळ घिऊन पुन्हा भाईर पडायचं न्हाय. माणसांस्नी फसवलंस ते फसवलंस, देवाच्या नावावर फसवलंस."

लोक गेल्यावर यमनाप्पा परत खड्ड्यात उतरला. त्यानं लुगडं पुरं केलं, मागावरून उतरवलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. ते कुणाला द्यायचं हे त्याला ठरवता येईना.

मार्गशीर्षातली अवस आली. मनुबाईनं धुणं काढलं. घरातलं सगळं धुतलं, मग जे धुतलेलं होतं तेही धुतलं. वाळत घालायला माळवदावर गेली तर समोर येळ्ळूरचा गड आणि त्याच्या बाजूला सातेरीचा डोंगर, ऊन अंगावर घेऊन बसलेला. तिला रडू आलं. मेलेल्या माणसासाठी रडता येतं, गेलेल्या दागिन्यासाठी रडता येतं. डोंगरासाठी रडतेय हे कुणाला सांगायचं? ती ओल्या चादरीआड उभी राहून रडली. पायात गोळे यायला लागले. जयाबाई विहिरीवर भेटली की तोंड फिरवून घागर भरी, आणि मनुबाईला ते डोंगराइतकंच लागे.

पौषातल्या अवसेला पहाटे यमनाप्पा उठला, पेटीतलं लुगडं काढलं, कापडात बांधलं आणि कुणाला न सांगता चालू लागला. नवस त्याचा, तेव्हा तोच जाणार हे बरोबरच होतं. पण बाजारापलीकडं कधी न चाललेला माणूस! दिवसभर जयाबाई आतबाहेर करत होती. तो परतला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि तो बदकासारखा फेंगडा चालत होता. येऊन पायरीवर बसला तो बसलाच. अवसेमुळं माग बंद, गल्ली शांत. भिंतीअलीकडं मनुबाईला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"दिलं का लुगडं?" जयाबाईनं विचारलं.

"दिलं. देवीलाच दिलं. पोरगी जगली न्हवं आपली? मग राख कुणाच्याबी चुलीतली असंना."

"मग एवढा उशीर?"

"वर गेलतो. चूल बघायला."

"वर काय हाय एवढं?"

यमनाप्पा शब्द शोधत होता, आणि त्याच्याकडं मुळात थोडेच होते.

"काय न्हाय," तो शेवटी म्हणाला. "लई झ्याक हाय."

मग यमनाप्पाच पुढं म्हणाला, "त्यो धनगर भेटला. इचारत हुता, ती हसणारी बाई यायची, ती बरी हाय न्हवं? मी म्हणालो, हसणारी कोण न्हाय बाबा आमच्या गल्लीत." मग म्हणाला, "मनुबाई घरात हसल्याली तू बघितलीस का गं कधी?"

भिंतीअलीकडं मनुबाई निवडायला घेतलेलं सूप मांडीवर ठेवून बसली होती. सूप तसंच राहिलं. तिच्यासमोर केदारी बसला होता. त्यानंही ऐकलं होतं. तो तिच्याकडं बघत राहिला, जणू ही बाई कोण आणि आपल्या घरात कधी आली असा प्रश्न त्याला पडला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं स्वतः उठून पाणी घेतलं.

माघातली अवस. मनुबाईनं अंगण झाडलं, माग पुसला, त्याला हळदकुंकू लावलं, भाकऱ्या थापल्या. दोन भाकऱ्या आणि चटणी फडक्यात बांधली. नारळाकडं बघितलंही नाही. नारळाशिवाय हात रिकामे वाटत होते आणि ते कुठं ठेवावेत हे तिला समजत नव्हतं, म्हणून तिनं फडकं दोन्ही हातांनी धरलं. उंबऱ्यावर यल्लव्वा गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"कुठं?"

मनुबाईच्या तोंडात गर्दी, नवस, देवी, पोरीचं नाव, सगळं येऊन गेलं.

"डोंगरावर, आत्ती."

"कशाला?"

"फिरायला."

गल्लीत दोन बायका धुणं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. केदारी मागाआडून वर बघत होता. यल्लव्वा तेलाचा हात गुडघ्यावर तसाच ठेवून सुनेकडं बघत राहिली. नारळ नाही, पडशी नाही. सून खोटं बोलली असती तर तिला रागावता आलं असतं. आता कशावर रागवावं हे तिला सापडेना. तिनं पुन्हा तेल चोळायला घेतलं.

"दिवस बुडायच्या आत ये," ती खाली बघून म्हणाली. "अवस हाय."

मनुबाई चालू लागली. गल्लीतून, भर सकाळी, नारळ न घेता. लोक बघत होते आणि कुणी वाट सोडत नव्हतं, तिला बाजूनं जावं लागत होतं. एकानं विचारलं, "काय मनुबाई, आज देवीला काय न्हाय?" ती म्हणाली, "न्हाय." कान तापले होते. वडगावची वेस येईपर्यंत तिनं एकदाही मान वर केली नाही.

वेशीवर जयाबाई उभी होती. काखेत भाकरीचं गाठोडं, पायात नवऱ्याच्या वहाणा.

मनुबाई थबकली. जयाबाई लांब कुठंतरी बघत म्हणाली, "मी बोलत न्हाय तुझ्याशी. नुसती येतेय."

मग दोघी निघाल्या. मनुबाई पुढं, जयाबाई दहा पावलं मागं. येळ्ळूर आलं, गेलं, दोघींत एक शब्द नाही. चढावर जयाबाईला धाप लागली, ती बसली. मनुबाईही वर थांबून बसली, पण वळून बघितलं नाही. देवळात जयाबाई आत गेली. हिरव्या लुगड्यातल्या देवीपुढं डोकं टेकून बराच वेळ होती. बाहेर आली ती डोळे पुसत, आणि विचारल्याशिवाय देवळामागच्या वाटेला लागली.

शेवटच्या उभ्या खडकावर तिला जमेना. मनुबाईनं हात खाली केला. जयाबाईनं आधी तो हात बघितला, मग धरला.

वर वारा सुटला होता. जयाबाईचा पदर गेला, तिनं सावरला, पुन्हा गेला. ती सड्याच्या मधोमध उभी राहिली. खाली येळ्ळूर, वडगाव, धुरात बुडालेलं शहापूर. तिथं कुठंतरी तिची लेक, तिची नात, चाळीस वर्षांचं तिचं सगळं आयुष्य होतं. तिनं एकदा पूर्वेला बघितलं, एकदा पश्चिमेला. तिचा ऊर वरखाली होत होता. मनुबाई बाजूला उभी होती आणि राखेचं पुन्हा निघणार, चुलीचं निघणार, म्हणून मान खाली घालून तयार राहिली होती.

जयाबाई तिच्याकडं वळली. दोन महिने सांभाळून ठेवलेला राग तिच्या आवाजात होता, पण तो राखेचा नव्हता.

"एवढं सगळं हितं हुतं," ती म्हणाली, "आणि पाच वरसं तू एकटीच येत हुतीस व्हय गं?"

मनुबाईनं फडकं सोडलं आणि आधी जयाबाईपुढं भाकरी ठेवली.